इनॉकच्या नावानं नऊ डाव

पनवेलच्या झिराडकरांच्या घरी कुठलंही भांडण शनिवारच्या पुढे जात नसे. तसा नियमच होता. शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की कापडी पट अंथरायचा, समोरासमोर बसायचं, सहा कवड्या फेकायच्या आणि जो जिंकेल त्याचं खरं. हॉलला पिवळा रंग द्यायचा की पांढरा, अवीवला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, रोह्याच्या आतेभावाला लग्नाला बोलवायचं की नुसती पत्रिका धाडायची, सगळं पटावर ठरलं होतं. ही रीत इनॉकच्या वडिलांनी घातली. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीला, लिहायचं नाही, चूल पेटवायची नाही, बटण दाबायचं नाही, बाजारात जायचं नाही. मग माणसानं त्या दिवशी करायचं काय? भांडायचं, पण शिस्तीत.

रीत न्याय्य होती. तिच्यात दोष एकच होता. इनॉक कधी हरत नसे.

त्याची बायको सॅली अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती, त्यामुळे तिला या दोषाचं मोजमाप ठाऊक होतं. सहाही कवड्या पालथ्या पडल्या की पंचवीस घरं मिळतात. कवडीच्या जागी नाणं असतं तर हे चौसष्टांत एकदा व्हावं. कवडीचं पोट आणि पाठ सारखी नसते, तेव्हा पन्नासात एकदा धरा, उदार मनानं चाळिसात धरा. सॅलीनं एका शनिवारी मनातल्या मनात मोजलं, कारण लिहायला बंदी होती. इनॉकला दर सातव्या फेकीला पंचवीस पडत होते. फेकताना तो मनगट असं काही वळवी की कवड्या जणू हुकमाची वाटच बघत असाव्यात. त्यातूनही काही कमी पडलं, तर समोरचा माणूस पाण्याचा तांब्या घ्यायला वळला की इनॉकची एखादी सोंगटी आपल्या पायांनी दोन घरं पुढे जाई.

म्हणून कुणी त्याला अधार्मिक म्हणू नये. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत इनॉक पंख्याच्या बटणालाही हात लावत नसे. त्यासाठी समोरच्या फ्लॅटमधल्या सोनाबाई येत; त्यांना शब्बाथ नव्हता. बटण दाबणं पाप होतं आणि कवडी वळवणं म्हणजे हात बसलेला असणं. हा फरक त्याला अगदी स्पष्ट होता.

एरवी सॅलीनं हे चालवून घेतलं. हॉल पांढऱ्याचा पिवळा झाला म्हणून कुणी मरत नाही. पण गेली तीन वर्षं पटावर एकच प्रश्न येत होता आणि तो भिंतीच्या रंगाचा नव्हता.

अवीव, त्यांचा एकुलता मुलगा, इस्रायलमध्ये अश्दोदला इंजिनिअर होता. बायको ताल तिकडचीच. त्यांची मुलगी याएल चार वर्षांची झाली, तरी सॅलीनं तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. म्हणजे खरं तर तिची हनुवटी आणि अश्दोदच्या घराचं छत पाहिलं होतं, कारण फोन याएलच्या हातात असायचा. अवीव दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी न चुकता म्हणायचा, "पप्पा, मम्मी, सहा महिने येऊन राहा ना." आणि इनॉक दरवर्षी न चुकता नको म्हणायचा. घर बंद ठेवलं की भिंतींना ओल येते. वडाळे तलावावरच्या सकाळच्या फेरीत खंड पडतो. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि तो गेला तर नऊ उरतील. मध्ये एक वर्ष तिकडच्या युद्धाच्या सायरनचं कारण मिळालं. ते खरं होतं. पुढे ते मिटलं, तरी इनॉकनं ते पुन्हा कधी लागेल म्हणून जपून ठेवलं.

अवीव म्हणायचा, "मग पटावर टाका." अवीव तिकडे, म्हणून त्याच्या जागी सॅली बसायची. तीन हिवाळे ती बसली आणि तीनदा हरली. तिसऱ्यांदा तर तिच्या चारपैकी तीन सोंगट्या घरात पोचल्या होत्या. तेवढ्यात इनॉकला ठसका लागला, ती पाणी आणायला उठली आणि परत येईपर्यंत त्याचा ठसका आणि तिचा डाव दोन्ही संपले होते.

या वर्षी अवीवनं खोकं पाठवलं.

खोक्यात काचेचा पट निघाला. टीव्हीएवढा, टेबलावर आडवा ठेवायचा. प्लग लावला की अधिक-चिन्हाच्या आकाराची घरं उजळत, मधोमध सहा कवड्यांची चित्रं तरंगत, त्यांवर बोट टेकवलं की त्या भिरभिरत आणि पडत. तसाच दुसरा पट अवीवच्या घरी. पनवेलला चाल केली की अश्दोदला सोंगटी हले. वर एक बाई मराठी बोले, म्हणजे शब्द मराठी असत. पहिल्यांदा चालू केल्याबरोबर ती म्हणाली, "प्रिय झिराडकर परिवार, एकत्र वेळ घालवण्याच्या आनंदामध्ये आपले स्वागत आहे!"

"हिला आपलं नाव कुणी सांगितलं?" इनॉक दचकला.

"मी भरलंय पप्पा," फोनवरून अवीव म्हणाला. "आता मम्मीला माझ्या जागी बसायला नको. मीच खेळणार."

इनॉकनं पटाकडे पाहिलं. बोट टेकवायचं, मनगट नाही. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि लगेच गेली, कारण त्याला तोड सापडली होती.

"अरे, पण घरचा निकाल शनिवारीच लागतो," तो मायेनं म्हणाला. "तुझ्या आजोबांचा नियम. आणि शनिवारी विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा तर त्यांच्याही आधीचा. छान आहे हो तुझा पट. सोमवारी-मंगळवारी खेळू, गंमत म्हणून."

"शब्बाथ मोड आहे त्यात," अवीव म्हणाला.

"काय आहे?"

"शब्बाथ मोड. आधी प्रत्येकानं दहा सरावाचे डाव खेळायचे. तो तुमची चाल शिकतो. कधी मारता, कधी थांबता, सगळं. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत चालू करून ठेवायचा. शनिवारी दुपारी दोनला तो आपोआप खेळायला लागतो. तुमच्या वतीनं, तुमच्यासारखाच. कुणी हात लावायचा नाही. सोबत इथल्या एका रब्बींचं पत्रपण आहे, बघा खोक्यात."

धर्मगुरूंचं पत्र खरंच होतं. इनॉकनं ते उलटसुलट पाहिलं. सही हिब्रूत होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

"म्हणजे आम्ही खेळायचं नाही?" सॅलीनं विचारलं.

"बघायचं, मम्मी. सगळ्यांनी मिळून. फॅमिली एक्स्पिरियन्स."

नाही म्हणायला इनॉकची जीभ उचलली होती, पण तेवढ्यात अवीव हसत म्हणाला, "घाबरलात का, पप्पा?" आणि इनॉक झिराडकर, ज्यानं न्हावा शेव्याला सत्तावीस वर्षं कंटेनरची सीलं तपासली होती आणि ज्याला एकाही ट्रकवाल्यानं कधी फसवलं नव्हतं, छाती काढून म्हणाला, "लाव तुझं खेळणं. पुढच्या शनिवारी."

पहिला सरावाचा डाव इनॉक स्वतः खेळला. समोर पटच लाल सोंगट्या चालवत होता. इनॉकनं जन्माच्या सवयीनं मूठ वळली, मनगट फिरवलं आणि काचेवर थाप मारली.

"कृपया हळुवार स्पर्श करा," बाई म्हणाली. कवड्या भिरभिरल्या. दोन पडले.

पुन्हा मूठ, पुन्हा मनगट. तीन. पुन्हा. दोन. अर्ध्या तासात त्याला एकदाही पंचवीस पडले नाहीत, म्हणजे गणितानं जे व्हायला हवं तेच झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची गाठ शक्यतेच्या नियमाशी पडली होती आणि त्याला तो सरळसरळ अन्याय वाटला. मग सॅली स्वयंपाकघरात गेलेली पाहून त्यानं आपल्या एका पिवळ्या सोंगटीवर बोट ठेवून तिला हळूच पुढे ओढलं.

"ही चाल शक्य नाही," बाई घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "प्रिय इनॉक, कृपया आपली पाळी येईपर्यंत वाट पाहा."

दारात सोनाबाई उभ्या होत्या, हातात वाटी. माहेर उरणचं, कोळ्यांचं; सासर पनवेलला; नवरा काशिराम बंदरात क्रेनवर. "अग बया," त्या म्हणाल्या, "दादा, ही तं वैनीपेक्षा डोल्यात तेल घालून बसलीय!"

इनॉक उठला. "फालतूपणा आहे," तो म्हणाला. "सॅली, बाकीचे नऊ डाव तू खेळून टाक माझ्या नावानं. माझ्यासारखंच खेळ. इतकी वर्षं बघतेयस."

"माझ्यासारखं खेळले तर चालणार नाही?"

"हरायचंय का मला?" इनॉक म्हणाला आणि दुपारच्या झोपेला निघून गेला.

खरं तर हे नवं नव्हतं. त्याचे बँकेचे फॉर्म तीच भरायची, त्याच्या बहिणींना वाढदिवसाचे मेसेज त्याच्या नावानं तीच पाठवायची. अवीवला "आय मिस यू बेटा, पप्पा" हे दर महिन्याला जायचं, तेही तिच्याच बोटांनी. त्यात आता नऊ डाव.

पहिले दोन डाव सॅली प्रामाणिकपणे इनॉकसारखी खेळली. समोरची सोंगटी टप्प्यात आली की मारायची. फुलीवर बसलेली सोंगटी मरत नाही, म्हणून आपली सोंगटी फुलीवर आणली की हलवायचीच नाही, पलीकडच्याला तिष्ठत ठेवायचं. दोन्ही डाव ती जिंकली. बाई म्हणाली, "अभिनंदन इनॉक! आपण एक निर्दय खेळाडू आहात." आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या डावाला बसताना तिच्या मनात आलं, की हा पट शिकतोय. आणि शिकवणं हे एकच काम आपल्याला नीट येतं.

पाचवीच्या मुलांना अठ्ठावीस वर्षं शिकवल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. वाईट सवय लावायची तर एकदा मोठी चूक करून भागत नाही. लहान चूक रोज करावी लागते, तीही आत्मविश्वासानं. सॅलीनं दोन लहान चुका निवडल्या. एक, लाल सोंगटी टप्प्यात आली तरी तिला न मारता दुसरीच सोंगटी चालवायची. दर वेळी नाही, तीनात दोनदा. दर वेळी केलं तर यंत्रालाही संशय येईल, असं तिला उगाच वाटलं. दोन, फुलीवर सुखानं बसलेली सोंगटी गरज नसताना उठवून उघड्यावर आणायची.

मधला शनिवार सोडून सात दुपारी, तीन ते पाच, ती हे शिकवत राहिली. पहिल्या दुपारी ती आतल्या घोरण्याकडे कान लावून बसली होती. तिसऱ्या दुपारी तिनं चहा घेऊन बसायला सुरुवात केली. सातव्या दुपारी बाई म्हणाली, "इनॉक, आपल्या खेळात अलीकडे खूप परिपक्वता आली आहे. आपली खेळाडू ओळख तयार आहे: प्रेमळ."

"काय म्हणाली ती?" इनॉकनं जांभई देत विचारलं.

"तयार आहे म्हणाली."

हे खोटं नव्हतं. सॅलीनं ते दोनदा तपासून पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या आधी सॅलीनं प्लग लावला, शब्बाथ मोडवर बोट ठेवलं, आणि रात्रभर तो पट हॉलमध्ये मंद निळा जळत राहिला.

शनिवारी सकाळी प्रार्थनेला नऊच पुरुष जमले. इनॉक तिथे असूनही नऊच. दुपारी आदल्या दिवशीची थंड मच्छी आणि भात जेवून दोघं सोफ्यावर बसले. ठीक दोनला पट उजळला.

"प्रिय परिवार, आजचा डाव: इनॉक विरुद्ध अवीव. विषय: सहा महिने." विषय अवीवनं भरला होता. "कृपया निवांत बसा. आपल्याला काहीही करायचे नाही."

त्यांनी काहीही केलं नाही. आपल्याच घरात, आपल्याच नावानं चाललेला डाव दोघं लग्नातल्या पाहुण्यांसारखे हात मांडीवर ठेवून पाहत होते. कवड्या आपोआप भिरभिरल्या, पिवळी सोंगटी आपोआप तीन घरं चालली, अश्दोदची लाल चार. तिसऱ्याच फेकीला पिवळ्याला पंचवीस पडले.

"बघ!" इनॉकनं मांडी थोपटली. "पट कुठलाही असो, हात माझाच."

सॅलीनं सवय शिकवली होती. कवड्यांना शिकवता येत नाही. पुढच्या दहा मिनिटांत पिवळ्याची एक सोंगटी घरात गेली, दुसरी फुलीवर जाऊन बसली. लाल मागे रेंगाळत होती. इनॉक निवांत मागे रेलला. सॅली मनाशी म्हणाली, सहा महिने राहू दे, देवा, एकदा त्या पोरीची हनुवटी सोडून बाकीचा चेहरा दाखव.

मग लाल सोंगटी पिवळ्याच्या बरोबर टप्प्यात आली. तीन घरं पुढे. कवड्या पडल्या, तीन.

"मेला!" इनॉक म्हणाला.

पिवळ्यानं मारलं नाही. त्यानं फुलीवरची सोंगटी उठवली आणि तीन घरं पुढे उघड्यावर नेऊन ठेवली.

"इनॉक यांनी संधी सोडून दिली," बाई कौतुकानं म्हणाली. "उदार चाल!"

"अरे!" इनॉक उभा राहिला. "मार ना! मूर्खा, समोर आहे ती, मार!"

लालला सहा पडले. अवीवची सोंगटी निघाली आणि तिनं उघड्यावरची पिवळी उचलून बाहेर टाकली.

"अहो, बसा," सॅली म्हणाली.

"कसा बसू? हा गाढव कोण खेळतोय?"

"तुम्ही."

तीन वाजता पंखा लावायला सोनाबाई आल्या. बटण दाबून टेबलापाशी थबकल्या. "ह्यो टीवी हाय का पाट? कोन खेलतंय मंग? हात तं कुनाचाच हालत नाय."

"दादा आणि अवीव," सॅली म्हणाली.

सोनाबाईंनी इनॉककडे पाहिलं. तो दोन्ही हात डोक्याला लावून पटावर ओरडत होता, "फुली सोडू नकोस! फुली सोडू नकोस रे!" पटानं फुली सोडली.

"आमच्यात वारं अंगात येतं तवा मानूस असंच बोलतं," त्या म्हणाल्या आणि मोड्यावर बसल्या. "बगू तरी."

पावणेचारला लालच्या तीन सोंगट्या घरात होत्या, पिवळ्याची एक. अवीवची चौथी दारापासून सात घरांवर. तेवढ्यात सगळं थांबलं. घरं मंदावली आणि काचेच्या मधोमध एक चौकोन उगवला.

"प्रिय परिवार, कोणी पाहत आहे का? डाव पुढे चालू ठेवण्यासाठी कृपया 'होय' दाबा. साठ सेकंदांत उत्तर न आल्यास डाव बरोबरीत सोडवला जाईल."

ज्यांनी शब्बाथ मोड बनवला आणि ज्यांनी वीज वाचवायचा हा चौकोन बनवला, ते एकमेकांशी कधी बोलले नसावेत. रब्बींच्या पत्रातही याचा उल्लेख नव्हता. आकडा एकोणसाठ झाला, अठ्ठावन्न झाला.

इनॉकच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरलं. तो सोफ्यावर नीट बसला, पाठ ताठ केली आणि हाताची घडी घातली. "शब्बाथ आहे," तो म्हणाला. "हात लावायचा नाही."

बरोबरी म्हणजे जैसे थे. जैसे थे म्हणजे पनवेल.

"डाव अर्धवट सुटेल," सॅली म्हणाली.

"देवाची इच्छा." अठ्ठेचाळीस.

सोनाबाईंना सरळ सांगायचं नाही, हाही नियम होता. 'दिवा लावा' असं म्हणता येत नाही. 'अंधार झाला नाही का' असं म्हणता येतं. इतकी वर्षं या बायकांचा संसार अशाच वाक्यांवर चालला होता. पण चौकोनात हिरव्या 'होय'च्या शेजारी 'नाही'ही होतं आणि सोनाबाईंनी चष्मा आणलेला नव्हता.

"सोनाबाई," सॅली म्हणाली, "काचेवर धूळ किती बसलीय, नाही?"

"सॅली!" इनॉक गरजला. एकतीस.

"कुठं हाय धूल? चकचकीत तं दिसतंय."

"डाव्या बाजूला. त्या हिरव्यावर. फार बसलीय हो."

सोनाबाईंनी सॅलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग इनॉकच्या. मग त्यांच्या सगळं ध्यानात आलं. तीन हिवाळे प्रत्येक हरलेल्या डावानंतर सॅली त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन बसली होती.

"हां, हाय खरी," त्या म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हिरव्यावर असं घासलं की काच करकरली. सतरावर आकडा थांबला.

"धन्यवाद, इनॉक!" बाई म्हणाली.

पुढे फार वेळ लागला नाही. पिवळ्यानं आणखी दोनदा औदार्य दाखवलं आणि चार वाजून पाच मिनिटांनी लालची चौथी सोंगटी घरात गेली. काचेवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. सोनाबाई चूल बघायला म्हणून सटकल्या.

"हा मी नाही," इनॉक म्हणाला.

"नाव तुमचं आहे."

"मी असा खेळतो? काय शिकवलंस तू त्याला?"

"मग अवीवला तसं सांगा," सॅली शांतपणे म्हणाली. "सांगा, की हा मी नव्हे. नऊ डाव तुझी मम्मी खेळली, मी झोपलो होतो. मी स्वतः खेळलो असतो तर सोंगट्या ढकलून जिंकलो असतो."

इनॉक खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि संध्याकाळ होईपर्यंत आकाशात तारे शोधत राहिला.

पावणेसातला तीन तारे दिसले. शब्बाथ संपल्याची, हवदालाची मेणबत्ती विझते न विझते तोच फोन वाजला. अश्दोदला अजून दुपारच होती, शब्बाथ चालूच होता. पण फोन अवीवचाच होता. पुण्यभूमीत राहणाऱ्यांना थोडी सूट असावी. सॅलीनं स्पीकर लावून फोन टेबलावर उभा केला.

"पप्पा, मी फोनवर सगळा डाव पाहिला," अवीव म्हणाला. त्याचा चेहरा विचित्र दिसत होता. "तुम्ही... हरलात."

इनॉकनं सॅलीकडे पाहिलं. मग खोकला. मग तो म्हणाला, "जाऊ दे म्हटलं. पोराला किती वेळा हरवायचं? मुद्दाम सोडला."

नवऱ्याच्या हिकमतीबद्दल इतक्या वर्षांत सॅलीला पहिल्यांदाच आदर वाटला.

पलीकडे मागे ताल हिब्रूत काहीतरी विचारत होती आणि अवीव हातानं तिला थांब म्हणत होता.

"तसं नाही, पप्पा," तो म्हणाला. "म्हणजे या, या ना. नक्की या. फक्त सहा महिने म्हणजे... घर दोन खोल्यांचं आहे. ताल घरूनच काम करते. आणि मी काय म्हणतो, एका डावावर एवढा मोठा निर्णय बरोबर वाटतो का? तीन डाव ठेवू. जो दोन जिंकेल तो."

इनॉक पुढे झुकला. त्याचे डोळे चमकले. "अगदी माझ्या मनातलं बोललास! एका डावात नशीबच जास्त असतं."

"एक्झॅक्टली. आणि तुम्ही आज जरा... उदार खेळलात."

"उदारच खेळलो. पुढच्या वेळी नाही खेळणार."

"नका खेळू, पप्पा," अवीव कळवळून म्हणाला.

सॅलीला ते उदाहरण एकदम सुटलं. तीन हिवाळे आपण एका माणसाशी खेळून हरतोय असं ती समजत होती. समोर दोघं होते. मुलानं दरवर्षी बोलवायचं, कारण बाप जिंकणार हे त्याला माहीत होतं. बापानं दरवर्षी जिंकायचं आणि बोलावल्याचं पुण्य मुलाच्या पदरात टाकायचं. इनॉकच्या लबाडीवर आख्खं घर सुखानं उभं होतं. आता एका प्रामाणिक यंत्रानं त्याची एक वीट काढली, तर दोघंही दोन बाजूंनी धावत येऊन ती परत बसवत होते. बापलेकांचं इतकं एकमत तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"अवीव," ती म्हणाली, "आम्ही खरंच यायला हवं होतं का तुला?"

"मम्मी, असं काय बोलतेस? मी दरवर्षी विचारत नाही का?"

"विचारतोस," ती म्हणाली. "याएल आहे का तिथे?"

फोन हिसकावला गेला. छत दिसलं, मग हनुवटी.

"ती मोठी झाली की आपण..." इनॉक सुरू झाला.

"मी शांतीकडे दिमोनाला उतरेन," सॅली हनुवटीला म्हणाली. शांती तिची धाकटी बहीण, तिकडेच राहणारी. तिच्या घरात तीन खोल्या होत्या आणि तिनं कधीच काही पटावर टाकलं नव्हतं. "तिथून बसनं तुला भेटायला येईन. दर रविवारी. तुझ्या पप्पांना सांग, घर लहान असलं तरी चालेल, मी संध्याकाळी परत जाईन."

याएलला यातलं काय कळलं कोण जाणे. तिनं फोन आणखी जवळ घेतला आणि पडद्यावर फक्त एक नाकपुडी उरली.

"अगं, पण निकाल तर दोघांचा होता," इनॉक म्हणाला. "आणि अजून दोन डाव बाकी आहेत."

"खेळा ना. तुम्ही आणि अवीव. मला त्यात कुठे बसायचंय?"

ती आतल्या खोलीत गेली. बाहेर पट चालू झाल्याचा आवाज आला, मग मूठ काचेवर आपटल्याचा, मग "कृपया हळुवार स्पर्श करा." सॅलीनं चष्मा लावला आणि टॅबवर विमानाच्या तिकिटांचं पान उघडलं. गेल्या हिवाळ्यात, डावाच्या दोन दिवस आधी, तिनं तिथेच शोधून ठेवलं होतं. पानानं ते लक्षात ठेवलं होतं. मुंबई ते तेल अवीव. प्रवासी: दोन.

"सॅली," बाहेरून इनॉकनं हाक मारली, "अगं, हे पुन्हा दहा डाव मागतंय!"

तिनं वजाच्या चिन्हावर एकदा बोट ठेवलं. हळुवार, आणि ते लगेच चाललं.